खड्ड्यावरचा रसिक

१६ मार्च, रविवार

आजपासून दैनंदिनी. कारण ऐतिहासिक आहे. चहाच्या पातेल्यापलीकडे अग्नीशी कसलाही व्यवहार न ठेवलेल्या प्रस्तुत लेखकाने, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, केक भाजण्याचा संकल्प केला आहे.

प्रसंग असा. आमच्या सौभाग्यवती भाग्यश्री परिचारिका असून गेल्या दिवाळीपासून त्यांची बदली गडचिरोलीस झाली आहे. एप्रिलच्या तेराव्या तारखेस आमच्या विवाहाचा रौप्यमहोत्सव. त्यासाठी त्या रजा काढून येत आहेत. काल दूरध्वनीवर आम्ही उद्गारलो, "केक मीच करीन." पलीकडे हास्य उसळले. ते इतके दीर्घ चालले की वॉर्डातल्या कोण्या रुग्णाने "सिस्टर, काय झालं जी?" असे विचारलेले आम्हांस स्पष्ट ऐकू आले.

त्या हास्यास उत्तर म्हणून आज प्रथम यज्ञ झाला. मोहर्लीच्या अलीकडील आमच्या या जंगलकाठच्या गावात भट्टी कोणाकडे असणार? भ्रमणध्वनीवरील एका चिमुरड्या आचार्येच्या उपदेशानुसार कुकरची रिंग आणि शिट्टी काढली, तळाशी तळ्याकाठची धुतलेली वाळू पसरली, वाळूवर वाटी पालथी घातली आणि वाटीवर ॲल्युमिनियमच्या डब्यात रवा, दही, साखर व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण विराजमान केले. तासाभराने जे बाहेर आले त्यास भूगर्भशास्त्रात नाव असेल, पाकशास्त्रात नाही.

एक तुकडा शेजारी धाडला. शेजारी म्हणजे लटारूभाऊ. गावतळ्यात मासेमारी करतात. त्यांनी तुकडा तळहातावर तोलून पाहिला.

"गुरुजी, हे खायाचं हाय का जाळ्याले बांधाचं?"

जाळे पाण्यात बुडावे म्हणून त्याच्या कडेस शिशाच्या गोळ्या बांधतात, त्या संदर्भातील ही समीक्षा. त्यांची पत्नी मैनाबाई पदराआड हसली, पण ताटली परत आली ती दोन वांगी घेऊनच. आमच्या घरचे भांडे त्या घरातून रिकामे कधी परत आलेले नाही. कधी चार मिरच्या, कधी मूठभर झिंगे, काही नसेल तर गुळाचा खडा.

२० मार्च, गुरुवार

द्वितीय केकही निवर्तला. अन्न उकिरड्यावर फेकणे आम्हांस मान्य नाही. म्हणून घरामागच्या सांदवाडीत, लटारूभाऊंच्या कुंपणालगत एक खड्डा खणला आणि दोन्ही दिवंगतांस सन्मानपूर्वक भूमिगत केले. वर माती लोटून एक छोटेखानी भाषणही केले. श्रोता एकच होता, लटारूभाऊंचा कुत्रा शेरू. तो मध्येच उठून गेला.

२३ मार्च, रविवार

आज प्रतिभेचा स्फोट झाला. केकात मनुका घालाव्यात असे आचार्या सांगते. गावच्या दुकानात मनुका नाहीत. तोच मैनाबाई वाटीभर मोहफुले घेऊन आली. त्यांच्या घरामागे बांधावर मोहाचे थोरले झाड आहे. झाडाखाली ती रोज झाडलोट करून ठेवते, पहाटे पडलेली फुले वेचते आणि अंगणात फटकुरावर वाळवते.

"घ्या गुरुजी. ताजे हायेत. भाजून खासान त गोड लागते."

वनाची मनुका! केसर झटकून फुले धुतली, उकळली, गाळली, पुन्हा आटवली. काकवीसारखी काळीभोर राब तयार झाली. घरभर असा परिमळ सुटला की आमच्या निर्जीव कुकरासही कवित्व स्फुरावे. तथापि तृतीय केक खालून करपला व वरून कच्चा राहिला. तोही खड्ड्यात. चोथा आणि भांड्यास चिकटलेली राबही तिथेच विसळून ओतली.

दुपारी वनरक्षक भूपेश आला. मोहाच्या दिवसांत अस्वले गावाजवळ येतात, तर सूचनाफलकासाठी मजकूर द्या म्हणाला. आम्ही तत्क्षणी लिहून दिले: 'मधूकपुष्पांचा अनावृत संचय कटाक्षाने टाळावा. ऋक्षसंचार संभवतो.'

"गुरुजी, अस्वल लिहा ना, साधं अस्वल."

"भूपेशराव, शासकीय फलकास गांभीर्य नको का?"

डोके खाजवीत गेला. संध्याकाळी मैनाबाईने कुंपणावरून विचारले, "बोर्डावर काय लिवलं जी तुमी?" आम्ही अर्थ सांगितला: मोह रात्री उघड्यावर ठेवू नका, अस्वल येते. तिने लगेच आपले फटकूर गुंडाळून फुले घरात नेली. लोकशिक्षणाचे असे तात्काळ फळ पाहून धन्य वाटले.

२७ मार्च, गुरुवार

एक सुखद घटना. आमच्या समाधिस्थळाचे कोणीतरी उत्खनन करीत आहे. परवा सकाळी माती उकरलेली दिसली आणि आत केकाचा कणही शिल्लक नव्हता. काल पुन्हा तेच. राब ओतली होती तिथली माती तर चाटूनपुसून स्वच्छ.

अर्थात शेरूच. ज्या कलाकृती मनुष्यजातीने नाकारल्या, त्यांचा आस्वाद घेणारा अखेर भेटला. आज पहाटे अर्धवट झोपेत त्याचे भोजन कानी आले. बशीतून चहा ओढावा तसा फुर्र फुर्र नाद. शिष्टाचार नाही, पण आस्था आहे.

दिवसा मात्र हा रसिक खड्ड्यापासून दूर उभा राहतो, गुरगुरतो आणि शेपूट पायांत घालून पळतो. चोरून खाल्ल्याची लाज असावी.

सौभाग्यवतींस दूरध्वनीवर हे वृत्त दिले.

"म्हंजे तुमचा केक कुत्रं खाते?"

"आवडीने खाते."

"कुत्र्याले काई होत त नाई ना पन?"

२ एप्रिल, बुधवार

उद्योगास आता दिशा लाभली आहे. मोहाचा केक फुगू लागला. खाऱ्या प्रकारातही पदार्पण झाले: तांदळाचे पीठ, ओवा, तीळ, थोडे तेल, चपट्या वड्या थापून त्याच वाळूच्या कुकरात. लटारूभाऊंनी चार खाल्ल्या. "हे जमलं गुरुजी. हे जाळ्याले नाई बांधत." याहून मोठा पुरस्कार या पंचक्रोशीत नाही.

रसिकासही विसरलो नाही. पूर्वी त्याच्या वाट्यास केवळ अपयश येई, ते अन्यायाचे वाटू लागले. आताशा चांगल्या केकाची एक फोड मुद्दाम खड्ड्यात ठेवतो, वर दोन चमचे राब. आज तर राबेच्या डब्याचे झाकणही त्याने ओढून नेले. ते कुंपणापाशी सापडले, मधोमध दुमडलेले. एवढ्याशा कुत्र्याचे जबडे एवढे बळकट असतील असे वाटले नव्हते.

लटारूभाऊ सांगत होते, "शेरू आजकाल खाटेखालून निंगतच नाई. भाकर टाकली त सुंगत बी नाई."

आम्ही मनात हसलो. पोट इकडे भरते, तिकडे भाकर कोण खाणार?

५ एप्रिल, शनिवार

लटारूभाऊंवर अस्वलाने हल्ला केला.

उजाडण्यापूर्वी ते कुंपणावर वाळत घातलेले जाळे काढायला गेले. माझ्या बाजूने अस्वल उठले. उजवा हात खांद्यापासून कोपरापर्यंत फाटला. मैनाबाईने घमेले बडवत, किंचाळत ते हाकलले. मी आरडाओरड ऐकून धावलो तेव्हा अस्वल तळ्याच्या पाळीवरून जात होते. काळे, घाई नसलेले. तोंडाने तोच आवाज करीत होते. बशीतून चहा ओढल्यासारखा.

जीप येईपर्यंत मी जखमेवर टॉवेल दाबून धरला. जीप चंद्रपूरकडे गेली. नंतर मी सांदवाडीत आलो.

खड्ड्याच्या कडेस मातीत पंजा उमटला होता. पाच नखे.

आता यापुढे जे लिहितो ते कोणी वाचू नये. मी फावडे घेतले. पंजा पुसला. खड्ड्यात चुलीची राख ओतली, त्यावर दगड, त्यावर माती, त्यावर वाळका पाला. दुमडलेले झाकण पिठाच्या पिंपामागे टाकले.

भूपेश आला तोवर सगळे नीटनेटके झाले होते. त्याला लटारूभाऊंच्या अंगणात मोहाचे फटकूर सापडले. काल संध्याकाळी मैनाबाईच्या सासूबाई इंदुताईंना ताप होता, त्या गडबडीत ती ते आत न्यायला विसरली. एकच संध्याकाळ.

"बाई, बोर्ड लावला होता ना?" भूपेश म्हणाला.

मैनाबाई उंबऱ्यावर बसली होती. साडीवर रक्त होते. "माह्याच हातानं झालं," एवढेच म्हणाली.

मग भूपेश माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमच्याकडं काई नव्हतं ना, मोहं-बिहं?"

"आमच्याकडे काय असणार? चहाचे पातेले."

व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य.

७ एप्रिल, सोमवार

तर्कशास्त्राचा आश्रय घेऊन पाहिला. पूर्वपक्ष: अस्वल प्रस्तुत लेखकाच्या खड्ड्यासाठी आले. उत्तरपक्ष: अस्वल मैनाबाईच्या फटकुरासाठी आले नसेल कशावरून? मोह तिकडेही होताच. मोहाचे झाड तर सबंध गावाचे नातलग. प्रत्येक हंगामात कुठे ना कुठे असे घडते. कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून दोष कावळ्यास द्यावा काय?

युक्तिवाद सुरेख आहे. उणीव एकच: फटकुरावरची फुले जशीच्या तशी होती. भूपेशने पाहिले नाही. मी पाहिले.

आणि शेरू आज खाटेखालून बाहेर आला. अंगणात लोळला, भाकर खाल्ली.

९ एप्रिल, बुधवार

लटारूभाऊ घरी आले. हात गळ्यात बांधलेला. जाळे फेकण्याइतका तो पुन्हा उठेल की नाही, याविषयी डॉक्टर काही बोलत नाहीत. तूर्त त्यांचा पुतण्या रोशन जाळे टाकतो आहे.

मी रोज डबा नेतो. खाऱ्या वड्या, रव्याचा साधा केक, एकदा पळसाच्या पानांत थापून निखाऱ्यांत भाजलेले पानगे. मोह घरात नाही. उरलेली राब मोरीत ओतली आणि मोरी दोनदा घासली.

इंदुताई ओसरीवर बसून असतात. कोणी आले की त्यांचे सुरू होते. "मनाई होती तरी ठेवले. हाव सुटली होती मोहाची. माह्या लेकाचा हात खाल्ला हिनं."

मैनाबाई कामाला जुंपलेली. पाणी भरते, चूल पेटवते, नवऱ्यास डाव्या हाताने खायला जमत नाही म्हणून घास भरवते. स्वतः त्याच्यासमोर जेवत नाही. लटारूभाऊंनी आज माझ्यादेखत म्हटले, "तू बी खा ना वं. अस्वल काय तुले इचारून आलं?" ती उठून चुलीकडे गेली.

निघताना ती मला फाटकापर्यंत पोचवायला आली. कालचा डबा परत दिला. आत दोन मूठ उडदाची डाळ.

"तुमच्यासारके शेजारी नाई भेटत गुरुजी," ती म्हणाली. "आमचे सोयरे दोन दिसांत पलटले. तुमी रोज येता."

मी म्हणालो, "हे आमचे कर्तव्यच." घरी येऊन डाळीकडे पाहत बसलो. शिजवणे शक्य झाले नाही.

शाळेत मुख्याध्यापकांनी माझ्या 'सेवाभावा'चा उल्लेख प्रार्थनेनंतर सर्व विद्यार्थ्यांसमोर केला. टाळ्या झाल्या. इतक्या तन्मयतेने स्वतःच्या चपलांकडे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

११ एप्रिल, शुक्रवार

मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा पडून आहे. कोणी वेचत नाही. पाला साचला, फुले आंबली, गुरे येऊन खातात. मैनाबाई त्या बाजूस जातच नाही. पाण्यालासुद्धा लांबच्या वाटेने जाते.

रोशनकडून समजले: तिचा भाऊ मुखरू रविवारी तिला माहेरी न्यायला येणार आहे. इंदुताईंनीच निरोप धाडला. किती दिवसांसाठी, असे विचारले तर तो म्हणाला, "काकूनं बक्शातल्या सगळ्या साड्या काढल्या जी."

१२ एप्रिल, शनिवार

सौभाग्यवती दुपारच्या एसटीने आल्या. मी फाटकात उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पिशवी खाली न ठेवताच विचारले, "तब्येत बरी नाई का? असे काऊन दिसून राह्यले?"

"किंचित अपचन."

लटारूभाऊंना भेटून आल्या, पट्टी तपासली. मैनाबाईजवळ बराच वेळ बसल्या. परत आल्यावर पोळ्यांसाठी पीठ काढायला पिंप सरकवले. झाकण सापडले.

ते त्यांनी उजेडात धरले. दुमडलेल्या जागी चार समांतर चरे होते. त्यांनी एका चऱ्यावरून बोट फिरवले. मग सांदवाडीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कुंपणापाशी टाकलेल्या त्या ताज्या मातीकडे, पाल्याकडे पाहत राहिल्या. मी चहा करीत होतो. चहा उतू गेला.

त्या परत येऊन पीठ मळू लागल्या. जेवणे झाल्यावर लटारूभाऊंसाठी डबा मीच भरून त्यांच्या हाती देऊ लागलो, तर हात मागे घेतला.

"मी नाई नेत. तुमीच न्या."

"तुम्ही तिकडे जाणारच आहात, म्हणून..."

"तुमीच न्या," त्या म्हणाल्या. "आज नसान नेत त उद्या न्या. पन उद्या मुखरू येते."

डबा तसाच ओट्यावर राहिला.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी डबा घेऊन गेलो. ओसरीवर सगळेच होते. लटारूभाऊ खाटेवर, इंदुताई भिंतीला टेकून, मुखरू नुकताच येऊन पाणी पीत होता. मैनाबाईची पेटी दाराशी ठेवलेली.

मी उभ्यानेच सुरुवात केली. रात्रभर वाक्ये रचली होती. "लटारूभाऊ, या दुर्घटनेच्या कार्यकारणभावाविषयी काही निवेदन करणे हे माझे नैतिक दायित्व असून, प्रमाद वस्तुतः अन्यत्र घडला..."

इंदुताईंनी पदर नीट केला, शाळेचे कोणी आल्यासारखा.

लटारूभाऊ म्हणाले, "गुरुजी, समजन असं बोला ना जी."

मी खाली बसलो. ओसरीच्या पायरीवर.

"अस्वल माझ्यामुळे आले. मी मोहाचे केक करायचो. बिघडले की सांदवाडीत पुरायचो. वर राब ओतायचो. ते रोज येऊन खात होते. मला वाटले शेरू आहे. मग मी त्याच्यासाठी मुद्दाम ठेवू लागलो. त्या दिवशी भूपेश यायच्या आत मी खड्डा बुजवला. मैनाबाईच्या फुलांना अस्वलाने तोंडही लावले नव्हते. मी पाहिले होते. मी बोललो नाही."

मुखरूच्या हातातला गडवा तसाच.

पहिल्यांदा बोलले ते लटारूभाऊच. त्यांनी आपल्या बांधलेल्या हाताकडे पाहिले. "म्हंजे थो तुमचा केक खाऊन घरी चालला होता. अन् मी त्याच्या ताटात पाय देल्ला." आणि ते हसू लागले. हसताना टाके ओढले गेले, डोळ्यांत पाणी आले, तरी हसत राहिले. "मले वाटे, गावात तुमचा केक कोनीच खात नाई."

मला हसू आले नाही. इंदुताई मैनाबाईकडे बघत नव्हत्या.

मैनाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"तुमी रोज डबा आनला," ती म्हणाली.

"हो."

"रोज माह्या हातात देल्ला. मी तुमच्या समोर रडली. तुमी म्हनलं, रडू नोको मैनाबाई, होनारं होते."

हे मी लिहिलेले नाही. दैनंदिनीत कुठेही नाही. पण तसे म्हटले होते.

"हो," मी म्हणालो.

ती पुढे आली, माझ्या हातातून डबा घेतला आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. लटारूभाऊंचे हसू थांबले होते. "जा गुरुजी आता," ते हळूच म्हणाले. "बसू नोका."

घरी सौभाग्यवती ओट्याशी उभ्या होत्या. सांगून झाले का, असे त्यांनी विचारले नाही. संध्याकाळी चुलीवर साधा शिरा केला. विवाहाचा पंचविसावा वाढदिवस आम्ही एका ताटात साजरा केला.

दुपारी भूपेशच्या घरी जाऊन तेच सगळे पुन्हा सांगितले होते. त्याने कागदावर लिहून घेतले. फलकावरचा मजकूर बदलायचा का, असे मीच विचारले. "अस्वल," मी म्हणालो. "साधं अस्वल लिहा."

१५ एप्रिल, मंगळवार

सौभाग्यवती सकाळच्या गाडीने गडचिरोलीस गेल्या. त्यांना सोडून परतताना तळ्याच्या पाळीवरून आलो.

मुखरू एकटाच परत गेला, हे काल रोशनने सांगितले होते. आज स्वतः पाहिले. मोहाच्या झाडाखाली मैनाबाई झाडत होती. आंबलेली फुले, पाला, शेण, सगळे एका बाजूस ओढून जमीन लखलखीत केली होती. थोड्या अंतरावर इंदुताई टोपली घेऊन उकिडव्या बसल्या होत्या आणि नव्याने पडलेली फुले वेचत होत्या. दोघी बोलत नव्हत्या. पण टोपली एकच होती.

मी थांबलो. मैनाबाईने वर पाहिले. मला पाहिले. मग खाली वाकून झाडू लागली.

घरी आलो तर माझ्या पायरीवर डबा ठेवलेला होता. घासून, पुसून, झाकण नीट लावून. उन्हात चकाकत होता. मी तो उचलला तेव्हाच हाताला कळले, तरी उघडून पाहिला.

आत काही नव्हते.